वांद्र्याच्या गल्ल्यांत जेवायला जाताना: टेबल ठरवण्यापासून बिलापर्यंत

जलद लोकलने दादर सोडले की पुढचे स्थानक वांद्रे. प्रवास जेमतेम दहा मिनिटांचा आहे, तरीही आमच्या घरात कुणी ‘वांद्र्याला जेवायला जाऊ या’ असे म्हटले की सगळे आधी एकमेकांकडे पाहतात. त्याला कारण मावशीची साठी. त्या दिवशी आम्ही सहा जण पाली नाक्याजवळच्या एका नव्या, बऱ्याच चर्चेतल्या रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो. प्रत्येक ताटलीत चारच तुकडे येत होते आणि मावशी दर वेळी ‘मला नको, तुम्ही घ्या’ म्हणत होती. पावणेदहाला वेटरने अतिशय नम्रपणे सांगितले की आमच्या टेबलाची वेळ संपत आली आहे. पदार्थ चवीला उत्तम होते, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. फसलो ते आम्ही, कारण जाण्यापूर्वी विचारायला हवे होते असे चार-पाच प्रश्न आमच्यापैकी कुणीही विचारले नव्हते. त्यानंतर तिथे अनेकदा जाणे झाले. त्यातून जमलेली पद्धत पुढे क्रमाने मांडली आहे.

कोणते वांद्रे, ते आधी ठरवा

‘वांद्र्यातले रेस्टॉरंट’ असे कुणी सांगितले, तर सर्वप्रथम ते पश्चिमेला आहे की वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत, याची खात्री करून घ्यावी. दोन्ही ठिकाणी गाजलेली रेस्टॉरंट्स आहेत. गोव्याच्या पोर्तुगीज वळणाच्या पदार्थांसाठी प्रसिद्ध झालेले ‘ओ पेद्रो’ बीकेसीत आहे आणि पाली नाका पश्चिमेला. संध्याकाळी आठच्या सुमारास एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाण्यात भूक मरते, म्हणून ‘आधी कॉफी इकडे, मग जेवण तिकडे’ असे बेत आखू नयेत.

पश्चिमेतही एकच एक वांद्रे नाही. लिंकिंग रोड, वॉटरफील्ड रोड आणि टर्नर रोड हा मोठ्या, झगमगीत आणि बहुधा महागड्या जागांचा पट्टा आहे. कार्टर रोडवर समुद्र आहे, पण गर्दी तरुण आणि आवाजाची असते. पाली नाका आणि पाली माला रोडच्या परिसरात कॅफेंची दाटी आहे. इथले ‘कँडीज’ पहिल्यांदा वांद्र्यात जेवणाऱ्या कुटुंबाला मी आवर्जून सुचवतो, कारण तिथे काउंटरवर जाऊन पदार्थ डोळ्यांनी पाहून घेता येतो आणि मेन्यूतल्या अनोळखी शब्दांची धास्ती उरत नाही.

मात्र सध्या सर्वाधिक बोलबाला आहे तो रणवारचा, म्हणजे हिल रोडच्या मागे असलेल्या चॅपल रोड आणि वरोडा रोड या गल्ल्यांचा. रणवार हे मूळचे गावठाण. इथले जुने रहिवासी ईस्ट इंडियन, म्हणजे मराठीचीच एक बोली घरात बोलणारे ख्रिस्ती भूमिपुत्र. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास त्यांनी हे इंग्रजी नाव धारण केले, आणि त्यामुळे आजही अनेक मराठी माणसांना ते परप्रांतीय वाटतात. त्यांच्या घरी उन्हाळ्यात कांडून बाटल्यांत भरला जाणारा ‘बॉटल मसाला’ आणि सणाला तळले जाणारे फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोळे, हे या गल्ल्यांचे खरे अन्न होय. कौले, ओसरी आणि बाहेरून चढणारा लाकडी जिना असलेल्या या बैठ्या घरांपैकी काहींत आता कॉफीची दुकाने आणि रेस्टॉरंट्स आली आहेत. ‘मेरी लॉज’ या जुन्या घरात २०२० पासून ‘सबको’ची कॉफी मिळते. जूड बेकरीच्या जागेत २०२३ मध्ये ‘व्हेरोनिकाज’ हे सँडविचचे ठिकाण सुरू झाले.

हा इतिहास सांगण्यामागे व्यावहारिक कारण आहे. गावठाणातली घरे लहान असतात, त्यामुळे स्वयंपाकघर लहान, टेबले मोजकी आणि मेन्यू आखूड असतो. अशा अनेक ठिकाणी टेबल आधी राखून ठेवत नाहीत. दारात नाव लिहून बाहेर उभे राहावे लागते, आणि उभे राहण्याची ती जागा म्हणजे कुणाच्या तरी घराची पायरी असते. सहा-आठ जणांचा गट, गुडघे दुखणारी आजी किंवा बाबागाडीतले मूल बरोबर असेल, तर रणवार टाळून मोठ्या रस्त्यावरची जागा निवडावी. दोघे किंवा तिघे असाल, तर रणवारसारखी मजा दुसरीकडे नाही.

वार आणि वेळ

मुंबईकर बाहेर जेवायला साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान बाहेर पडतो. त्यामुळे सात ते सव्वासात ही वेळ धरली, तर शनिवारीही टेबल मिळण्याची शक्यता बरीच वाढते. एवढ्या लवकर आपल्याला भूक लागत नाही, ही तक्रार मला मान्य आहे. त्यावर उपाय म्हणजे त्या दिवशी चारचा चहा नुसताच घ्यावा. मंगळवार ते गुरुवार हे उत्तम वार आहेत. सोमवारी काही स्वयंपाकघरे बंद असतात. दुपारी साधारण साडेतीन ते सात या वेळात बरीच रेस्टॉरंट्स स्वयंपाक थांबवतात, म्हणून ‘चार वाजता निवांत जेवू’ हा बेत फक्त कॅफेत जमतो. रविवारी सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळेत वांद्र्यात पाऊल न टाकणे इष्ट, असे माझे ठाम मत आहे.

आणखी एक तारीख लक्षात ठेवावी. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी माउंट मेरीची जत्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. त्या काळात हिल रोड आणि आसपासची वाहतूक वळवलेली असते. जत्रेला अवश्य जावे, पण त्याच संध्याकाळी कुठे टेबल राखू नये. पावसाळ्यात सांताक्रूझ-खारकडून गाडीने येणार असाल, तर मिलन सबवे आणि खार सबवेत पाणी भरलेले नाही ना, याची चौकशी करूनच निघावे.

टेबल राखताना फोनच करा

डिस्ट्रिक्ट, स्विगी डाइनआउट किंवा ईझीडायनर या ॲपवरून टेबल राखता येते आणि कधी कधी सवलतही मिळते. ही सवलत बहुधा त्याच ॲपवरून बिल भरले तरच लागू होते, अनेकदा मद्यावर नसते आणि शनिवार-रविवारी तिचे स्वरूप बदलते. अटी वाचल्याशिवाय ती गृहीत धरू नये. ॲपवर टेबल मिळाले तरी रेस्टॉरंटला एक फोन करावा, कारण पुढचे प्रश्न ॲपला विचारता येत नाहीत.

टेबल आपल्याकडे किती वेळ राहील, हा पहिला प्रश्न. शनिवारी रात्री अनेक ठिकाणी एका टेबलावर दोन पंक्ती बसवतात आणि पहिल्या पंक्तीला दीड-दोन तास देतात. आम्हाला हे आधी कळले असते, तर केक कापण्याचा कार्यक्रम शेवटी ठेवला नसता. यायला उशीर झाला तर किती मिनिटे थांबाल, हा दुसरा. पंधरा मिनिटांनंतर टेबल दुसऱ्याला देणारी ठिकाणे पुष्कळ आहेत. तिसरा प्रश्न पैशांचा: आगाऊ रक्कम, कव्हर चार्ज (नुसत्या प्रवेशाचे पैसे) किंवा किमान खर्चाची अट आहे का, आणि ती रक्कम शेवटच्या बिलातून वजा होते का? ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर जिना किती चढावा लागेल आणि बसायला पाठीची खुर्ची आहे की उंच स्टूल, हेही विचारून घ्यावे. वांद्र्यात स्टुलांची हौस फार आहे. सत्तरीतल्या माणसाला त्या स्टुलावर बसवणे मला शिक्षेसारखे वाटते. गाडी नेणारच असाल तर व्हॅलेची, म्हणजे गाडी लावून देणाऱ्या माणसाची, सोय आहे का ते विचारा. ती नसेल तर गाडी घरी ठेवा, कारण रणवारच्या गल्लीत स्कूटरलाही जागा मिळत नाही.

पोहोचल्यावर

लोकलने आलात तर वांद्रे पश्चिमेला उतरून हिल रोडने रणवारपर्यंत चालत वीसेक मिनिटे लागतात. वाटेत स्थानकाजवळच्या नाक्यावर बिर्याणीसाठी प्रसिद्ध असलेले ‘लकी’, पुढे पाणीपुरीचे ‘एल्को’ आणि होली फॅमिली रुग्णालयाजवळची ‘हर्श बेकरी’ अशी जुनी मंडळी लागतात. नव्या ठिकाणी रांग फार लांब असेल तर मुकाट्याने इथे परत यावे. त्यात कमीपणा काही नाही.

गच्चीवरच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या जागेत बसण्यापूर्वी बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे, ते एकदा पाहून घ्यावे. २९ डिसेंबर २०१७ च्या पहाटे लोअर परळच्या कमला मिलमधील गच्चीवरच्या पबना लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. ज्या जागेत जिना एकच आहे आणि त्यावरही खोकी रचून ठेवली आहेत, तिथून उठून जावे, मग पदार्थ कितीही नावाजलेले असोत.

पाणी विचारताना वेटर बहुधा साधे की स्पार्कलिंग (बुडबुड्यांचे), अशा भाषेत विचारतो आणि दोन्हींचा अर्थ विकतची बाटली असा असू शकतो. फिल्टरचे पाणी हवे असेल तर उडुप्याच्या हॉटेलात म्हणतो तसे सरळ ‘रेग्युलर’ म्हणावे. बाटली छापील किमतीपेक्षा महाग लावली म्हणून भांडण्यात अर्थ नाही: बसवून सेवा देणाऱ्या हॉटेल-रेस्टॉरंटना एमआरपीचे बंधन लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले आहे.

मेन्यू वाचणे आणि मागवणे

नव्या धाटणीच्या मेन्यूत ‘स्मॉल प्लेट’ आणि ‘लार्ज प्लेट’ असे भाग असतात. स्मॉल प्लेट म्हणजे आपले स्टार्टर नव्हे. ती वाटून खायची लहान ताटली असून तिच्यात तीन किंवा चार नग असतात. म्हणून मागवण्यापूर्वी ‘यात नग किती?’ असे विचारावे आणि माणसे पाच असतील तर एक नग वाढवून मिळेल का, हेही विचारावे. पुष्कळ ठिकाणी त्याचे पैसे लावून तो देतात. चार जणांसाठी तीन किंवा चार लहान आणि दोन मोठ्या ताटल्या हा माझा नेहमीचा हिशेब आहे. पण सगळे एकदम सांगू नये. स्वयंपाकघर जे आधी तयार होईल ते आधी पाठवते, आणि मग दहा मिनिटांत टेबलावर जागा उरत नाही, सगळे गार होते आणि आपण घाईघाईने खातो. आधी दोन-तीन लहान ताटल्या सांगाव्यात, त्या संपत आल्या की पुढचे सांगावे. वेळेची मर्यादा असेल तर मोठ्या ताटल्या आधीच सांगून ‘आम्ही सांगू तेव्हा आणा’ अशी सूचना द्यावी.

मेन्यूतला शब्द कळला नाही तर विचारण्याचा संकोच करू नये. बुराटा, मिसो, योत्ताम असले शब्द शाळेत कुणी शिकवलेले नसतात. (तिसरा शब्द मी आत्ताच तयार केला, वाचताना तो खटकला नसेल, तर माझा मुद्दा सिद्ध झाला.) टेबलावर जेवण वाढणारी मुले-मुली देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली असतात, हिंदी सगळ्यांना येते, मराठी काहींना येते, आणि ‘यात नक्की काय असते?’ या प्रश्नाला ती उत्साहाने उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे. मात्र ‘इथले काय चांगले आहे?’ असे विचारू नये, कारण त्याला ‘सगळेच’ हे एकच उत्तर मिळते. ‘आम्हाला आंबट चालते, गोडसर नको, आणि भात खाल्ल्याशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही, तर काय घ्यावे?’ असे विचारले की उपयोगी उत्तर येते.

शाकाहारी, श्रावण पाळणाऱ्या किंवा अंडे न खाणाऱ्या मंडळींनी इथे सर्वाधिक वेळ द्यावा, कारण नुकसान इथेच होते आणि ते हेतुपुरस्सर नसते. थाई करीत भाज्याच दिसत असल्या तरी तिच्या वाटणात वाळलेली कोळंबी किंवा फिश सॉस असू शकतो. किमची या कोरियन लोणच्यातही बहुधा मासळीचा अंश असतो. मिसो सूपचा आधार असलेले दाशी हे पातळ सार सहसा सुकवलेल्या बोनिटो माशापासून करतात. सीझर सॅलडच्या पारंपरिक ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही हा लहान मासा असतो. पार्मेझान चीज परंपरेने वासराच्या जठरातील रेनेट हे विरजण वापरून विरजतात. पान्ना कोटा हा सायीचा गोड पदार्थ घट्ट होतो तो प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटीनने, तिरामिसू या इटालियन गोड पदार्थात अंडे असते आणि कधी मद्यही, आणि ताज्या पास्त्याच्या कणकेत अंडे घालण्याची रीत आहे. भारतातल्या अनेक स्वयंपाकघरांत यांपैकी पुष्कळ गोष्टींचे शाकाहारी पर्याय वापरतात, त्यामुळे आधीच नकार देण्याचे कारण नाही; पण ‘हे व्हेज आहे ना?’ एवढ्या प्रश्नावर थांबू नये. ‘यात फिश सॉस, अंडे किंवा जिलेटीन आहे का? कृपया आत विचारून सांगा’ असे नेमके विचारावे. शेंगदाणे, काजू किंवा कोळंबीची ॲलर्जी असेल, तर ती टेबल राखतानाच सांगावी आणि बसल्यावर पुन्हा सांगावी. मावशी अंडे खात नाही. साठीच्या रात्री तिने तिरामिसूचे दोन चमचे खाल्ले आणि आम्हाला ते घरी आल्यावर कळले. ती काही बोलली नाही, पण हा परिच्छेद एवढा लांबला आहे तो त्यामुळेच.

मद्याविषयी थोडक्यात. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१ आणि कडक मद्यासाठी २५ आहे, आणि ओळखपत्र मागितले तर तो अपमान समजू नये. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आषाढी एकादशीला मद्य मिळत नाही. एका कॉकटेलची किंमत पुष्कळदा एका लहान ताटलीएवढी असते, हे लक्षात ठेवले की बिलाचा धक्का निम्मा कमी होतो.

बिल

बिल आले की फोन बाजूला ठेवून ते पूर्ण वाचावे. जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो, केंद्राचे अडीच आणि राज्याचे अडीच असा. वातानुकूलन असो वा नसो, नोव्हेंबर २०१७ पासून स्वतंत्र रेस्टॉरंटसाठी हाच दर आहे. महागड्या पंचतारांकित हॉटेलांच्या आतल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असू शकतो. मद्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, आणि म्हणून ते बिल अनेकदा वेगळे येते. बिलावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, १४ अंकी परवाना क्रमांक छापलेला असला पाहिजे, हा नियम १ जानेवारी २०२२ पासून आहे.

यानंतर ती वादग्रस्त ओळ, सर्व्हिस चार्ज. समजा, जेवण ४,००० रुपयांचे झाले. नुसता जीएसटी लावला तर ४,२०० रुपये होतात. १० टक्के सर्व्हिस चार्ज धरला तर रक्कम ४,४०० होते आणि जीएसटीही त्या वाढीव रकमेवर लागून बिल ४,६२० वर जाते. म्हणजे ४२० रुपयांचा फरक पडतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी करून सांगितले की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप जोडता येणार नाही आणि दुसऱ्या नावानेही वसूल करता येणार नाही. रेस्टॉरंट संघटनांनी त्याला आव्हान दिले. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती तत्त्वे वैध ठरवली. मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले आहे म्हणून ते शुल्क बंधनकारक होत नाही.

प्रत्यक्षात काय करावे? आवाज चढवू नये. ‘सर्व्हिस चार्ज काढून बिल पुन्हा द्याल का?’ एवढेच म्हणावे. बहुतेक ठिकाणी दोन मिनिटांत नवे बिल येते. नकार मिळाला तर व्यवस्थापकाला बोलवावे. तरीही ऐकले नाही तर बिलाचा फोटो ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी. मात्र सर्व्हिस चार्ज काढायला लावला आणि वाढणाऱ्याच्या हातावर काहीच ठेवले नाही, हे मला पटत नाही. सेवा चांगली असेल तर मी टीप रोख देतो, आणि ज्याने वाढले त्याच्याच हातात देतो.

उरलेले अन्न बांधून मागावे. त्याला पार्सलच म्हणावे, सगळ्यांना कळते.

निघताना

रणवार आणि चुईमसारख्या गावठाणांत रात्री दहानंतर भिंतीपलीकडे कुणीतरी झोपलेले असते. निरोपाच्या गप्पा, गाडीची वाट पाहणे आणि फोटो हे सगळे हिल रोडवर येऊन करावे. रिक्षाही तिथेच लवकर मिळते. रिक्षा माहीमच्या खाडीपलीकडे दक्षिणेला जात नाही, त्यामुळे दादर, परळ किंवा गिरगावला परतणाऱ्यांनी टॅक्सी किंवा लोकल धरावी, आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवावे. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत मीटरवर २५ टक्के अधिक भाडे असते, ती लूट नव्हे. स्थानकावर जायचे असेल तर रिक्षावाल्याला ‘बांद्रा स्टेशन वेस्ट’ असे स्पष्ट सांगावे. नुसते ‘बांद्रा’ म्हटले तर तो पुन्हा विचारतो, कारण त्याच्या दृष्टीने आपण वांद्र्यातच उभे असतो.